पवनचक्क्या उतरवताना

जुन्या पवनऊर्जा प्रकल्पांत एक विचित्र गोष्ट दिसते. सगळ्यात चांगला वारा सगळ्यात दुबळ्या यंत्रांच्या वाट्याला आलेला असतो. हा धंदा सुरू झाला तेव्हा आधी आलेल्यांनी उत्तम टेकड्या आणि उत्तम किनारे निवडले आणि तिथे त्या काळी मिळत होती ती यंत्रं उभी केली: २२५ किलोवॅट, ४०० किलोवॅट, फार तर ६०० किलोवॅट. चाळीसेक मीटर उंच मनोरा आणि जवळपास तेवढ्याच व्यासाचा रोटर, म्हणजे पात्यांचं फिरतं चक्र. आज जमिनीवर बसवायचं यंत्र चार ते सहा मेगावॅटचं मिळतं, आणि ते बसतं मात्र नंतर उरलेल्या, मध्यम वाऱ्याच्या जागांवर. त्यामुळे जुन्यांचं वीस-पंचवीस वर्षांचं आयुष्य संपत आलं की ‘ही काढा, नवी लावा’ हे कुणालाही सुचतं.

हिशोबही मोहात पाडणारा आहे. ४३ मीटर व्यासाच्या रोटरच्या जागी १५० मीटरचा आला तर पाती जेवढं क्षेत्र झाडतात ते बारा पटींनी वाढतं. हबची, म्हणजे पाती जिथे जोडलेली असतात त्या मध्याची, उंची ४० वरून ११० मीटरवर गेली की सपाट, मोकळ्या प्रदेशात वाऱ्याचा वेग साधारण १५ टक्क्यांनी वाढतो. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनात वाढत असल्याने तेवढ्यातच दीडपट ऊर्जा पदरात पडते. पण टेकडीच्या माथ्यावर हा आडाखा फसतो. तिथे चढावर दाबला गेलेला वारा जमिनीलगतच वेगवान झालेला असतो. वर गेल्यावर तो फारसा वाढत नाही, कधी कधी घटतो. जुन्या यंत्राच्या नॅसेलवरचा (मनोऱ्याच्या माथ्यावरच्या यंत्रपेटीवरचा) वेगमापक पात्यांच्या मागे बसवलेला, त्यामुळे त्याचे आकडे जसेच्या तसे धरता येत नाहीत. नव्या उंचीसाठी मोजणीचा मनोरा किंवा लायडार (लेझरने वाऱ्याचा वेग मोजणारं उपकरण) लावून किमान वर्षभर मोजणी करावीच लागते. मात्र जुन्या यंत्रांचं वीस वर्षांचं महिनावार उत्पादन हा खरा ठेवा आहे. वर्षभराची मोजणी चांगल्या वर्षातली की वाईट, हे त्याच्याशी ताडून पाहता येतं. प्रकल्प विकत घेताना हाच डेटा सर्वांत आधी हरवतो, म्हणून करारात त्याचा वेगळा उल्लेख हवा.

सगळंच उतरवावं लागतं असंही नाही. ज्या वाऱ्यासाठी यंत्राची रचना केली होती त्याहून जागेवरचा वारा सौम्य असेल, तर वारंवारच्या ताणाने भागांना येणाऱ्या थकव्याचं गणित शिल्लक आयुष्य दाखवतं. मग मनोऱ्याचे वेल्ड, फ्लँजचे (मनोऱ्याचे भाग जोडणाऱ्या कडांचे) बोल्ट, मुख्य बेअरिंग, पात्यांची झिजलेली पुढची कड आणि आतले चिकटवलेले सांधे तपासून पाच-दहा वर्षं वाढवून घेता येतात. जुन्या यंत्रांत सर्वांत संशयाची जागा पायात असते. त्या काळी काँक्रीटमध्ये गाडलेल्या पोलादी कड्यावर मनोरा उभा करायची पद्धत होती. कड्याभोवतीचा सीलंट फाटला की पाणी आत जातं, मनोऱ्याच्या हेलकाव्याने काँक्रीट दळलं जातं, आणि वाऱ्याच्या दिवशी कडं वर-खाली होताना दिसतं. डायल गेज लावून ही हालचाल मोजतात. ती मिलिमीटरांत गेली असेल तर आयुष्य वाढवायची चर्चा तिथेच थांबवावी. अमेरिकेत तिसराच मार्ग रूढ आहे: मनोरा आणि पाया ठेवायचा, वरचं नॅसेल आणि रोटर नवं बसवायचं. करसवलतीच्या नियमानुसार ठेवलेल्या जुन्या भागाचं मूल्य एकूण मूल्याच्या वीस टक्क्यांच्या आत असेल, तर ते यंत्र नवं धरलं जातं. तिथल्या अनेक प्रकल्पांचा आराखडा आधी या नियमाने ठरतो, वाऱ्याने नंतर.

पूर्ण बदली करायची ठरली की जुन्या पायांचा काही उपयोग उरत नाही. क्षेत्र बारा पट आणि उंची पावणेतीन पट, म्हणजे पायाला उलथवू पाहणारा जोर ढोबळमानाने तीस पटींच्या घरात जातो. जुन्या जागाही जुळत नाहीत. एका यंत्रामागचा घुसळलेला वारा दुसऱ्याला मिळू नये म्हणून वाऱ्याच्या आडव्या दिशेत रोटरच्या व्यासाच्या पाचेक पट आणि वाऱ्याच्या दिशेत सातेक पट अंतर ठेवतात. ४३ मीटरच्या रोटरला आडवं सव्वादोनशे मीटर पुरत होतं, १५० मीटरच्या रोटरला पाऊण किलोमीटर लागतं. म्हणून यंत्रांची संख्या घटते. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या डेलाबोल इथे १९९१ मध्ये त्या देशातला पहिला व्यापारी प्रकल्प ४०० किलोवॅटच्या दहा यंत्रांनी सुरू झाला. आता तिथे २.३ मेगावॅटची चारच यंत्रं आहेत. स्कॉटलंडच्या हॅगशॉ हिलवर १९९५ सालची २६ यंत्रं गेली, १४ आली आणि क्षमता पाचपट झाली. कॅलिफोर्नियाच्या आल्टमाँट खिंडीत तर १९८० च्या दशकात हजारो छोटी यंत्रं दाटीवाटीने उभी होती, त्यांत सोनेरी गरुड मोठ्या संख्येने मरत. तिथे कमी आणि मोठी यंत्रं लावण्यामागे पक्षी हे मोठं कारण होतं.

संख्या घटणं माहितीपत्रकात चांगलं दिसतं. ‘सव्वीसच्या जागी चौदा, क्षितिज मोकळं’ असं लिहिता येतं. पण ज्या बारा जणांच्या जमिनीवरून यंत्र उठलं त्यांच्यासाठी याचा अर्थ भाडं बंद. वीस वर्षं यंत्राची घरघर सोसून दरवर्षी ठरावीक रक्कम घेणारा शेतकरी एका नकाशामुळे यादीतून जातो, आणि शेजाऱ्याच्या बांधावर उभ्या राहणाऱ्या तिप्पट उंच यंत्राची सावली मात्र त्याच्या अंगणात पडते. बदलीच्या प्रकल्पांना होणारा सर्वांत चिवट विरोध इथून येतो, असं माझं मत आहे. तो आवाजाच्या आणि पक्ष्यांच्या भाषेत मांडला जातो, कारण भाड्याबद्दल चारचौघांत बोलायला माणूस संकोचतो.

यावर जर्मनीत रुळलेला तोडगा घेण्यासारखा आहे. यंत्र कुणाच्या जमिनीवर येणार हे ठरण्याआधीच संपूर्ण पट्ट्यातल्या जमीनमालकांशी एकच सामाईक करार करतात. एकूण भाड्याचा मोठा वाटा सगळ्यांना क्षेत्राच्या प्रमाणात जातो, आणि प्रत्यक्ष पाया, रस्ता, क्रेनचा कट्टा किंवा केबल ज्याच्या जमिनीत येते त्याला वेगळा वाटा मिळतो. उदाहरणादाखल सत्तर टक्के क्षेत्रावर, वीस टक्के यंत्राच्या जागेला, दहा टक्के रस्ते आणि केबलला. प्रमाण काहीही ठरो, ते नकाशा उघड होण्याआधी ठरलं पाहिजे. नंतर ठरवायला बसलं की प्रत्येकाला आपलं यंत्र कुठे आहे ते माहीत असतं आणि मग तोडगा निघत नाही. याचा एक तांत्रिक फायदाही होतो: यंत्र तीस मीटर सरकवल्याने कुणाचंही फारसं नुकसान होत नाही, त्यामुळे अभियंत्याला जागा वाऱ्याप्रमाणे आणि घरांपासूनच्या अंतराप्रमाणे निवडता येतात.

मालकीचा गुंता दुसऱ्या टोकाकडूनही येतो. भारतात जुनी यंत्रं पहिल्याच वर्षी ऐंशी ते शंभर टक्के मिळणाऱ्या प्रवेगक घसाऱ्यासाठी, म्हणजे यंत्राची किंमत करपात्र नफ्यातून झटपट वजा करण्याच्या सवलतीसाठी, घेतली गेली, त्यामुळे एकाच टेकडीवरच्या प्रत्येक यंत्राचा मालक वेगळा असू शकतो. कापडगिरणी, औषधकंपनी, कधी एखादी व्यक्ती. पाच मालकांची यंत्रं उतरली तरच एक नवं बसतं, आणि पाचातला एक जरी अडला तरी सगळं थांबतं. जुनी यंत्रं बदलण्यासाठीचं २०१६ चं पुनर्बांधणी धोरण कागदावर राहिलं त्याचं हे एक मोठं कारण. डिसेंबर २०२३ मध्ये सुधारित धोरण आलं. डेन्मार्कमध्ये २००१ नंतर अनुदान देऊन सुमारे १,४८० छोट्या यंत्रांच्या जागी २७२ मोठी यंत्रं आणली गेली. तांत्रिकदृष्ट्या ते यश होतं. पण तिथली जुनी यंत्रं अनेक ठिकाणी शेजाऱ्यापाजाऱ्यांनी भागीदारीत उभी केलेली होती. भागीदारांना पैसे मिळाले आणि त्यांचा वाऱ्याशी असलेला संबंध संपला. पुढच्या काळात नव्या यंत्रांना विरोध वाढला तेव्हा २००९ च्या कायद्याने साडेचार किलोमीटरच्या आतल्या रहिवाशांना वीस टक्के भाग देऊ करणं विकासकांवर बंधनकारक झालं. ही तरतूद २०२० पर्यंत होती. तिच्यातही मेख होती: भाग घ्यायला हाताशी रोकड लागते. भाडेकरू, शेतमजूर, गुरं चारणारा यांना त्या हक्काचा उपयोग नसतो.

आता उतरवण्याचं काम. आधी यंत्र वीजवाहिन्यांच्या जाळ्यापासून (ग्रिडपासून) तोडून कुलूप आणि टॅग लावतात. कन्व्हर्टरमधले कपॅसिटर वीज तोडल्यावरही काही मिनिटं भारित राहतात, ते रिकामे झाल्याची मोजून खात्री करतात. मग गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिकचं तेल, शीतक, बॅटऱ्या, ट्रान्सफॉर्मरचं तेल बाहेर. स्विचगिअरमधला (वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या बंद डब्यातला) सल्फर हेक्साफ्लोराइड वायू उपकरण लावून काढून घ्यावा लागतो; हरितगृह परिणामात तो कार्बन डायऑक्साइडच्या वीस हजार पटींहून अधिक जहाल आहे. एका डब्यातून थोडासा सुटला तर पर्यावरणाच्या नावाने चाललेल्या कामाची शोभा होते.

त्यानंतर रोटर, नॅसेल आणि मनोऱ्याचे भाग याच क्रमाने क्रेनने खाली येतात. गडबड होते ती वजनात. सहाशे किलोवॅटच्या नॅसेलचं पुस्तकातलं वजन वीस टनांच्या आसपास असतं, पण मध्ये बदललेला गिअरबॉक्स, वाढवलेलं कूलर, तळाशी साचलेलं तेल आणि पात्यांत शिरलेलं पाणी पुस्तकात नसतं. म्हणून पहिली उचल काही सेंटिमीटरच करून वजनमापक वाचायचा, गुरुत्वमध्य कुठे आहे ते पाहायचं आणि मगच पुढे जायचं. उचलायच्या कड्या वीस वर्षं पावसात गंजलेल्या असतात. त्यांची तडे-तपासणी आदल्या आठवड्यातच झाली पाहिजे. फ्लँजचे बोल्ट हमखास धरून बसतात. हायड्रॉलिक पान्याने नाही सुटले की कुणीतरी गॅस कटर काढतो, आणि ग्रीसने माखलेल्या नॅसेलला आग लागायची सर्वांत मोठी शक्यता हीच. वाऱ्याचीही आठवण ठेवावी. सेकंदाला आठ ते दहा मीटरच्या वर गेला की रोटरची उचल थांबते. जागा मुळात वाऱ्यासाठी निवडलेली, त्यामुळे क्रेन उभी राहण्याचे दिवस अंदाजपत्रकात धरलेच पाहिजेत.

क्रेनचा खर्च वाचवायला मनोरा बुंध्याशी खाच पाडून झाडासारखा पाडण्याची सोयही आहे. भंगारच करायचं असेल तर ती स्वस्त आणि झटपट. लोकवस्तीच्या जवळ मी तिच्या विरोधात आहे. पडताना पाती फुटतात आणि काचतंतूंचे बारीक कुसळ शेतभर उडतात. ते गवतातून गुरांच्या पोटात आणि हातापायांच्या त्वचेत जातात, वर्षभर सापडत राहतात. कंपनीने वाचवलेले क्रेनचे दोन दिवस नव्या परवानगीच्या बैठकीत फार महाग पडतात.

यंत्राच्या वजनाचा पंच्याऐंशी ते नव्वद टक्के भाग पोलाद, तांबं आणि बिडाचा असल्याने सहज विकला जातो. उरतात पाती. काचतंतू, एपॉक्सी किंवा पॉलिएस्टर राळ, बाल्सा लाकूड आणि फोम एकमेकांना कायमचे चिकटवलेले. सध्याचा सर्वांत चालणारा मार्ग सिमेंटच्या भट्टीचा: राळ जळून उष्णता देते, काचेतली सिलिका कच्च्या मालात मिसळते. जागेवर कापायचं तर पाणी मारत हिऱ्याच्या तारेने, खाली ताडपत्री अंथरून, आणि कापताना वाहिलेलं पाणी गाळून. आयर्लंड आणि पोलंडमध्ये जुन्या पात्यांचे पादचारी पूल झालेत, डेन्मार्कमधल्या आल्बोर्ग इथे सायकलींचं छप्पर झालंय. या गोष्टी देखण्या आहेत, पण शंभर पात्यांतली दोन-चार त्यात जातात. गावात बाक आणि छप्पर बसवून बाकीच्या पात्यांचा प्रश्न सुटला असं भासवू नये. कुठल्या भट्टीत किती टन गेले त्याची पावती दाखवावी.

जुना पाया साधारणपणे जमिनीखाली एक मीटरपर्यंत फोडतात आणि उरलेला तिथेच राहतो. नांगराला हे पुरतं. खोल मुळांच्या झाडांना आणि विहिरीला पुरत नाही. भराव करताना तोडलेलं काँक्रीट तळाला आणि साठवून ठेवलेली मूळची माती वर, असा क्रम ठेवला तरच ती जागा पिकाखाली येते. रणगाड्यासारखी क्रेन फिरलेली माती पुढची काही वर्षं पाणी झिरपू देत नाही. तिला खोल नांगरट द्यावी लागते, आणि तुंबलेले जुने चर पुन्हा उघडावे लागतात. तक्रारी यंत्रापेक्षा या चरांबद्दल जास्त येतात.

नव्या यंत्राच्या पायाला सहाशे घनमीटरच्या आसपास काँक्रीट लागतं. ते एका दमात ओतावं लागतं. मध्ये खंड पडला तर दोन थरांत सांधा राहतो आणि लाखो हेलकाव्यांत तिथूनच तडा जातो. सहा घनमीटरच्या मिक्सरने शंभर खेपा, म्हणजे येऊन-जाऊन दोनशे गाड्या, एका दिवसात, बहुधा संध्याकाळपासून सकाळपर्यंत, कारण उन्हाच्या वेळी ओतलं तर गाभा सत्तर अंशांच्या वर तापण्याचा धोका असतो. गावाच्या दृष्टीने प्रकल्प म्हणजे हे दिवस. दहा यंत्रं असतील तर असे दहा दिवस आधीच्या महिन्यात तारखेसह सांगता येतात. परीक्षा, लग्नं, पिकाची काढणी पाहून ते हलवताही येतात. सत्तर मीटरहून लांब पातं वळणावरून नेताना तारा उतरवतात, त्यासाठी वीज जाते. तीही वेळ सांगता येते. फारसा खर्च नसलेल्या या गोष्टी हमखास राहून जातात, कारण वाहतूक ठेकेदाराच्या करारात त्या लिहिलेल्या नसतात.

आवाजाच्या बाबतीत एक फसवी जागा आहे. नवं यंत्र पार्श्वभूमीच्या आवाजापेक्षा किती वर जाईल हे पाहतात. ती पार्श्वभूमी मोजताना जुनी यंत्रं चालू असतील तर त्यांचाच आवाज गावाची शांतता म्हणून नोंदला जातो. म्हणून मोजणीच्या आठवड्यांत, सगळ्या दिशांच्या वाऱ्यात, जुनी यंत्रं काही तास बंद ठेवली पाहिजेत. उत्पादन बुडतं म्हणून हे टाळण्याकडे कल असतो. मायक्रोफोन कुणाच्या अंगणात लावायचा हे गावकऱ्यांना निवडू द्यावं आणि यंत्रं बंद केल्याची नोंद त्यांच्या समोर करावी. मग निकाल नकोसा निघाला तरी आकड्यावर वाद होत नाही.

‘मोठं यंत्र हळू फिरतं, म्हणून शांत’ हेही अर्धंच खरं. ४३ मीटरचा रोटर मिनिटाला तीस फेरे घेताना पात्याचं टोक सेकंदाला ६८ मीटरने धावतं. १५० मीटरचा रोटर दहाच फेरे घेतो, पण त्याचं टोक ७९ मीटरने जातं. पात्याच्या मागच्या कडेला करवती दाते बसवले तर दोन-तीन डेसिबल उतरतात. ते पर्याय म्हणून न ठेवता मूळ मागणीतच घालावेत. सावलीचंही तसंच. फिरत्या पात्यांच्या सावलीची लखलख साधारण रोटरच्या व्यासाच्या दहा पट अंतरापर्यंत जाणवू शकते. पूर्वी जी घरं चारशे मीटरच्या बाहेर होती म्हणून सुखात होती, ती आता दीड किलोमीटरच्या आत येतात. जर्मनीतली मर्यादा सर्वांत वाईट गृहीतकाने वर्षाला ३० तास आणि दिवसाला ३० मिनिटं अशी आहे. ती ओलांडली जाईल तिथे सूर्यप्रकाशाचा संवेदक लावून यंत्र आपोआप थांबवतात. आणि दिवे: टोकाची उंची दीडशे मीटरच्या वर गेली की बहुतेक देशांत विमानांसाठी लाल दिवे लागतात. जुन्या यंत्रांवर ते नव्हतेच. रात्रीचं आकाश बदलणार हे चित्रांत क्वचित दाखवतात, कारण चित्रं दुपारची असतात. विमान जवळ आल्यावरच पेटणारे दिवे मिळतात. जर्मनीने ते बंधनकारक केले आहेत.

पैशाच्या बाबतीत दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. स्कॉटलंडमध्ये स्थानिक निधीसाठी वर्षाला मेगावॅटमागे ५,००० पौंडांचा संकेत आहे. जर्मनीत अडीच किलोमीटरच्या आतल्या पालिकांना युनिटमागे ०.२ सेंटपर्यंत देता येतात. पाच मेगावॅटचं यंत्र तीस टक्के क्षमतेने चाललं तर वर्षाला १ कोटी ३१ लाख युनिट; म्हणजे जर्मन पद्धतीने २६ हजार युरो, स्कॉटिश पद्धतीने २५ हजार पौंड. आकडे जवळपास सारखे, स्वभाव मात्र वेगळा. युनिटवर बांधलेली रक्कम मंद वाऱ्याच्या वर्षी आणि जाळ्याने यंत्र थांबवायला लावलं की घटते. मेगावॅटवर बांधलेली ठरलेली मिळते. शाळेच्या शिक्षकाचा पगार द्यायचा असेल तर दुसरी बरी. डेलाबोलमध्ये २०१३ पासून दोन किलोमीटरच्या आतल्या घरांना स्वस्त वीजदर देऊ केला गेला. मला ही वाट आवडते, कारण तिला समिती लागत नाही आणि भाडेकरूलाही तिचा लाभ होतो.

हे सगळं बोलायचं कधी? यंत्रांच्या जागा गोठण्याआधी, निदान वाऱ्याची मोजणी सुरू असताना. त्या पहिल्या बैठकीत काय ठरून गेलंय आणि काय अजून उघडं आहे याची यादी द्यावी. यंत्राची कमाल उंची बहुधा ठरलेली असते, वीज वाहून नेण्याची परवानगी ठरलेली असते. जागा, रस्त्याचा मार्ग, कामाचे तास, निधीची रचना, दिव्यांचा प्रकार उघडा असतो. जे ठरलंय त्यावर मत मागणं ही सर्वांत वाईट खोड. जुन्या प्रकल्पाची तक्रारवहीही टेबलावर असू द्यावी: कुठला रस्ता खचला होता, कुणाची विहीर आटल्याची तक्रार होती, कशाची भरपाई राहिली. जुनी देणी निघाली तर ती नव्या अर्जाआधी फेडलेली बरी. गावात पहिल्या वेळचे माणूस आणि शब्द लक्षात असतात, कंपनीत मात्र तोवर तिसरी पिढी आलेली असते.

शेवटचं कलम नव्या यंत्रांच्या निरोपाचं. काढण्याच्या खर्चाची बँकहमी पहिल्या दिवसापासून असावी, रक्कम दर पाच वर्षांनी नव्याने काढावी, आणि भंगाराच्या अंदाजित किमतीची वजावट त्यातून करू नये, कारण पोलादाचा भाव तेव्हा काय असेल ते कुणाच्या हातात नाही. हमी प्रकल्पाच्या मालकाच्या नव्हे, यंत्राच्या नावाने बांधावी, म्हणजे कंपनी विकली तरी ती जागेवर राहते. गाडून ठेवलेल्या जुन्या पायांची आणि टाकून दिलेल्या केबलची ठिकाणं खोलीसह मोजून तो नकाशा जमिनीच्या सरकारी नोंदीत चढवावा आणि एक प्रत गावाच्या कार्यालयात ठेवावी.